पूर्वेकडचा उतार

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी पावणेचारला गारा सुरू झाल्या आणि चार वाजून पाच मिनिटांनी थांबल्या. शकुंतलाबाईंनी घड्याळ बघून ठेवलं होतं. वेळ आणि माप टिपून ठेवल्याखेरीज एखादी गोष्ट घडली असं त्यांना वाटतच नसे. सरकारी बांधकाम खात्यात एस्टिमेटच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नजर तीच होती. भाजीवालीच्या तराजूकडं त्या अशा बघत की ती बिचारी आपणहून दोन टोमॅटो जास्तीचे टाकी.

घर बंगळूरात, मल्लेश्वरमच्या एका आतल्या क्रॉसवर, म्हणजे गल्लीत, दोन चारमजली इमारतींच्या कात्रीत सापडलेलं. तीन खोल्या, पुढं पडवी, वर मंगळुरी कौलं. आढ्यापासून एक उतार पश्चिमेला, एक पूर्वेला. वडिलांचं बळेपेटेत कापडाचं दुकान होतं. त्यांनी हे घर दोघा मुलांच्या नावानं ठेवलं. शकुंतलाबाई लग्न न करता तिथंच राहिल्या. धाकटा गिरीधर बायकोच्या माहेरून मिळालेल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये गेला आणि तिथून बहिणीला सल्ले पाठवू लागला.

गारा आवळ्याएवढ्या होत्या. वारा पश्चिमेचा, त्यामुळं त्या तिरप्या आल्या आणि पश्चिमेकडचा उतार त्यांनी झोडपून काढला. त्या दिवशी गिरीधरची मुलगी शिल्पाश्री मारतहळ्ळीहून अत्याकडं जेवायला आली होती. गारा थांबल्यावर दोघी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या. शिल्पाश्रीनं फोनवर पंधरा-वीस फोटो काढले. शकुंतलाबाईंनी चष्मा पुसून कौलं मोजली. पश्चिमेला दोनशे चौदा फुटलेली, पूर्वेला अकरा.

"एवढं मोजलं कशाला, अत्या? सगळंच बदलावं लागेल की."

"सगळं कशाला? फुटलं तेवढं बदलायचं. अडतीस-चाळीस हजार, मजुरी धरून," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांचं एस्टिमेट जिना उतरायच्या आत तयार झालं होतं.

फोटो शिल्पाश्रीनं अत्याला आणि वडिलांना पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच गिरीधर हजर झाला. वर्षातून दोनदा, तेही सणाला येणारा हा भाऊ सोमवारी सकाळी, कामाच्या वेळेला आला, तेव्हाच शकुंतलाबाईंनी ओळखलं की हा गारांसाठी आलेला नाही. सोबत पांढऱ्या गाडीतून उतरलेला एक माणूस होता. मंजुनाथ नाव, छपरांचं कंत्राट घेतो म्हणाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. शकुंतलाबाईंनी आयुष्यात शेकडो कंत्राटदार पाहिले होते. चांगला कंत्राटदार आला की आधी वर बघतो. हा माणूस घराच्या रुंदीकडं बघत होता.

"लाकूड गेलंय अम्मा," पडवीतूनच तो कन्नडमध्ये म्हणाला. "पूर्ण छप्पर काढावं लागेल. लोखंडी सांगाडा, नवी कौलं. सहा लाख ऐंशी हजार."

"लाकूड गेलंय हे कुठून दिसलं तुम्हाला?"

"अनुभव आहे, अम्मा."

"शिडी आणली आहे का?"

शिडी त्यानं आणली नव्हती. शकुंतलाबाई त्याच्याकडं अशा बघत राहिल्या की त्यानं एक फोन खिशात घातला.

गिरीधर त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला. "अक्का, तू पैशाची काळजीच करू नको. घरावर विमा आहे. मी मागं माझ्या हिश्शावर कर्ज काढलं होतं ना, तेव्हा बँकेनं गळ्यात मारलेला. दर वर्षी भरतोय मी. गारांचं नुकसान त्यात बसतं. पूर्ण छप्पर नवं होईल, आपल्या खिशातून स्वल्पसुद्धा जाणार नाही."

"पूर्ण छपराचं नुकसान झालेलंच नाही, गिरी. एक उतार अख्खा आहे."

"ते बघू की," गिरीधर म्हणाला.

हे 'बघू की' शकुंतलाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची एजन्सी, चिटफंड, होसूरच्या रस्त्यावरचे प्लॉट, अशा सगळ्या धंद्यांची सुरुवात त्यानं 'बघू की' म्हणून केली होती आणि शेवट वडिलांनी निस्तरला होता. त्याला हुशारीची हौस फार. हुशारी मात्र आजवर एकदाही त्याच्या वाट्याला आली नव्हती.

बुधवारी गिरीधरच्या बायकोचा फोन आला: उद्या जेवायला या, पुरणाच्या होळिगे करणार आहे. अकरा वर्षांत असं आमंत्रण आलं नव्हतं. शकुंतलाबाईंना त्याचा वास आला, पण कसला ते कळेना. आणि होळिगे त्यांना आवडायच्या, हेही खरं. गुरुवारी गिरीधर स्वतः न्यायला आला. "मंजुनाथची माणसं येऊन मोजमाप घेतील. किल्ली पडवीत ठेव," म्हणाला. इंदिरानगरला त्यांना आग्रह करकरून वाढलं. जेवणानंतर टीव्ही लावून दिला, मग कॉफी, मग अल्बम. साडेचारला त्या उठल्याच, तेव्हा भावाची नाराजी झाली.

घरी पोचल्या तर माणसं गेलेली होती. अंगणात कौलांचे तुकडे लाल मातीसारखे पसरले होते, आणि ते पूर्वेच्या बाजूला होते.

शकुंतलाबाई पर्ससकट शेजारच्या गच्चीवर चढल्या. दोन्ही गुडघे कधीचे गेलेले, डॉक्टरांनी बदलायला सांगितलेले, तरी चढल्या. पूर्वेच्या उतारावर रविवारी अकरा कौलं फुटली होती. आता तिथं नुसती खिंडारं होती. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि साठच्या पुढं थांबल्या, कारण मोजायची गरज उरली नव्हती. फुटलेली कौलं तीन अर्धवर्तुळांत होती. एक डावीकडं, एक मध्ये, एक उजवीकडं. माणूस तीन ठिकाणी शिडी लावून उभा राहिला, हात पोचेल तेवढं त्यानं हातोडीनं फोडलं, आणि हात पोचत नव्हता तिथली कौलं तशीच ठेवून तो पुढं सरकला. आढ्याजवळच्या ओळीला धक्कासुद्धा नव्हता. म्हणजे आभाळातून पडलेल्या गारा छपराच्या खालच्या अंगालाच लागल्या, आणि त्याही शिडी ठेवायला सपाट जागा होती तेवढ्याच ठिकाणी.

शकुंतलाबाईंना राग यायला हवा होता. त्याआधी त्यांना किळस आली. चौतीस वर्षांत त्यांनी चोऱ्या पाहिल्या होत्या. न आणलेल्या मुरुमाच्या खेपा, कागदावरच खोदलेले पाये, एकाच भिंतीला तीनदा दिलेला गिलावा. पण त्या चोरांना निदान काम कळत होतं. मापं जुळवून, तारखा जुळवून, पाऊस कधी पडला तेही बघून ते चोरी करत. आणि इथं एका माणसाला वर चढून आणखी दोन हात पुढं वाकायचासुद्धा कंटाळा आला होता.

त्यांनी तिथूनच गिरीधरला फोन लावला.

"पूर्वेकडचा उतार कुणी फोडला?"

"गारांनीच, अक्का. लांबून दिसलं नव्हतं. मंजुनाथच्या माणसांनी जवळून बघितलं तेव्हा..."

"गिरी, मला होळिगे घालून तू हे केलंस. निदान बाहेरचा माणूस तरी जरा कामाचा शोधायचास."

मग गिरीधरचा आवाज बदलला. लपवण्यात अर्थ नाही हे कळलं की तो नेहमी चिडायचा. "हो, फोडला. मग? विमा कंपनी काय तुझी मावशी लागते? दहा वर्षं हप्ते भरलेत मी. तुला नवं छप्पर मिळेल, मंजुनाथ मला दीड लाख परत देणार आहे. कुणाचं काय जातंय?"

"शनिवारी विम्याचा माणूस येणार आहे ना? त्याला मी सांगणार आहे."

"तू सांगणार?" गिरीधर हसला. "अक्का, तू कधीपासून एवढी सोवळी झालीस? रस्त्याखालच्या मोरीच्या कामात जे ट्रक आलेच नाहीत त्यांच्या बिलांवर सह्या कुणी केल्या? तूच सांगितलं होतंस मला, बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा."

शकुंतलाबाईंनी फोन बंद केला.

ते खरं होतं. एकदा नव्हे, सात-आठ वेळा वरच्या साहेबानं फाईल पुढं सरकवली होती आणि त्यांनी खाली आपल्या नावाची आद्याक्षरं टाकली होती. एक पैसा घेतला नव्हता, पण सही केली होती. बदली टाळायची होती, वडील आजारी होते, कारणं भरपूर होती. ती कारणं आज आठवताना त्यांना गिरीधरच्या 'कुणाचं काय जातंय'सारखीच वाटली, आणि हे साम्य त्यांना मुळीच आवडलं नाही. एक भगिनी, एक बंधू, एका आईची लेकरं, असं मनात म्हणत त्या जिना उतरल्या.

शनिवारी विमा कंपनीचा सर्व्हेयर आला. मकरंद नाव, वय तिशीच्या आत, दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेला. घरात मराठी ऐकून त्याला आनंद झाला.

"अरे वा, तुम्ही मराठी? पण थोडं वेगळंच आहे हं तुमचं मराठी. क्यूट आहे."

"आम्ही इथं तीनशे वर्षं बोलतोय," शकुंतलाबाई म्हणाल्या.

गिरीधर सकाळपासून येऊन पडवीत बसला होता. मंजुनाथही आला होता, आज तर शिडीसकट. मकरंदनं शिडीकडं बघितलंही नाही. शेजारच्या गच्चीवर जाऊन त्यानं चार फोटो काढले, खाली आला, खुर्चीत बसला आणि टॅबवर टिचक्या मारू लागला. "ॲक्च्युअली दोन्ही साइड डॅमेज आहेत. फुल रिप्लेसमेंटच धरावी लागेल. कोटेशन आहे ना? मग प्रॉब्लेम नाही, मी रेकमेंड करतो. काका, इथं सही करा. मावशी, तुम्ही इथं."

गिरीधरनं सही केली. फॉर्म शकुंतलाबाईंच्या पुढं आला. त्यांनी तो उचलला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सगळे थांबले होते. खाली लिहिलं होतं की वरील सर्व नुकसान गारपिटीनं झालं आहे. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली त्यांचं नाव.

"तुम्ही छपरावर चढला नाहीत," त्या मकरंदला म्हणाल्या.

"गच्चीवरून क्लिअर दिसतं, मावशी."

"दिसत असतं तर तुम्ही हे लिहिलं नसतं. वारा कुठल्या बाजूचा होता?"

मकरंदनं गिरीधरकडं बघितलं.

"पश्चिमेचा. वीस मिनिटं, एकाच दिशेनं. पश्चिमेच्या उतारावर कौलं सगळीकडं फुटली आहेत, वरपासून खालपर्यंत. पूर्वेला फक्त खाली, तीन ठिकाणी, गोल. या फुटलेल्या कौलांच्या कडा बघा." त्यांनी पडवीच्या कठड्यावर ठेवलेले दोन तुकडे त्याच्या हातात दिले. "हा रविवारचा. कडेवर धूळ बसली आहे. हा गुरुवारचा, अजून कोरा लाल आहे, आणि मध्ये घाव बसला तिथं भुगा झाला आहे. आणि हे फोटो रविवारी संध्याकाळचे." शिल्पाश्रीचे फोटो त्यांनी फोनवर उघडून धरले. पूर्वेकडचा उतार त्यात जवळजवळ अख्खा होता.

मकरंदचा चेहरा उतरला. "म्हणजे कुणीतरी फोडलीत? कुणी?"

"असं तुमच्या फॉर्मात विचारलंय का?"

"नाही."

"मग लिहू नका. पश्चिमेचा उतार लिहा, दोनशे चौदा कौलं. पूर्वेची अकरा. तेवढ्यावर मी सही करते."

मंजुनाथ शिडी उचलून गेटकडं निघाला होता. जाताना गिरीधरला म्हणाला, "सर, आधी घरात ठरवायचं असतं ना." शकुंतलाबाईंना त्या माणसाचं ते एकच वाक्य पटलं.

गिरीधर उठला. त्याचे कान लाल झाले होते. "मूर्ख आहेस तू, अक्का. फुकट मिळणारं छप्पर लाथाडलंस. आता एक रुपया माझ्याकडून मिळणार नाही."

"मी मागितलाय का?"

विम्याचे मंजूर झाले एकोणीस हजार चारशे. घर जुनं म्हणून घसारा कापला, आणखी कसलंसं काहीतरी कापलं. शकुंतलाबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. हिशोब बरोबर होता, आणि नुसता बरोबर हिशोब बघून त्यांना बरं वाटलं.

मग काम करणारा माणूस शोधायला हवा होता. चार जण येऊन गेले. चौघांनीही कौलं काढून पत्रे टाकायला सांगितलं. पाचवा तिम्मप्पा, साठीचा, बारीक, विडी ओढणारा. तो आला आणि एक शब्द न बोलता वर चढला. अर्ध्या तासानं खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात एक अख्खं कौल होतं.

"हा साचा आता कुठं मिळत नाही, अम्मा. कारखाना बंद झाला. नव्या कौलाची खाच याच्यात बसणार नाही. पाडलेल्या घरांचा माल मिळतो त्या वखारीतून आणावी लागतील. मी बघतो."

शकुंतलाबाईंना तो आवडला. पण आवडला असं त्यांनी दाखवलं नाही. रोजाचे दर आधी ठरवून घेतले.

तिसऱ्या दिवशी तिम्मप्पानं त्यांना हाक मारली. पश्चिमेकडची कौलं उतरवून झाली होती. "अम्मा, वर येता का? यायला हवं."

त्या शिडीवर चढल्या, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. तिम्मप्पानं वाशावर बोट ठेवलं आणि दाबलं. बोट आत गेलं, खजूर दाबावा तसं. वाळवीनं आतून सगळं नेलं होतं. वर नुसती साल उरली होती. एक वासा तसा, दुसरा तसा, आढ्याचा अर्धा भागसुद्धा.

"किती वर्षांचं असेल?"

"पंधरा तरी. खालून दिसलं असतं, पण तुम्ही छत मारलंय ना."

छत शकुंतलाबाईंनीच मारलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, प्लायवूडचं, धूळ पडते म्हणून. स्वतः आराखडा काढला होता, स्वतः मापं दिली होती. वर बघायला दोन फुटांचं झाकण ठेवावं असं सुतारानं सुचवलं होतं, आणि ते दिसायला वाईट दिसेल म्हणून त्यांनीच नको म्हटलं होतं. खात्यातल्या कुठल्या ज्युनियरनं असा आराखडा आणला असता तर त्यांनी तो सगळ्यांसमोर परत केला असता. मंजुनाथबद्दल, गिरीधरबद्दल, त्या पुण्याच्या पोराबद्दल गेले पंधरा दिवस त्यांच्या मनात जे चाललं होतं, ते सगळं त्यांनी शिडीवर उभं राहून पहिल्यांदा स्वतःला ऐकवलं. तिम्मप्पा विडी पेटवून दुसरीकडं बघत राहिला. शहाणा माणूस होता.

छप्पर पूर्णच काढावं लागलं. वासे, पट्ट्या, आढं, सगळं नवं. कौलं मात्र जुनीच बसवली. फुटलेल्यांच्या जागी लागणारी तिम्मप्पानं कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याची मिळवली, त्याच साच्याची. खर्च झाला तीन लाख त्र्याण्णव हजार. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव शकुंतलाबाईंनी मोडली. शिल्पाश्रीनं एक लाख आणून दिले. त्यांनी आढेवेढे न घेता ते घेतले.

"बाबांना काय सांगू, अत्या?"

"विचारलं तर सांग. विचारणार नाही तो."

छप्पर पुरं झाल्यावर आठवड्यानं गिरीधर आला. कुणीतरी कळवलं असणार, किंवा नुसतीच उत्सुकता. गेटात उभं राहून त्यानं वर बघितलं. शकुंतलाबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"पूर्णच काढावं लागलं म्हणे."

"हो."

"लाकूड गेलेलं होतं."

"होतं."

गिरीधरच्या तोंडावर हळूहळू समाधान पसरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बरोबर ठरला होता, आणि ते त्याला घाईनं संपवायचं नव्हतं. तो येऊन कठड्यावर बसला. "मग मंजुनाथ खरंच बोलला होता की, अक्का. पहिल्याच दिवशी. तू उगाच त्याला चोर ठरवलंस."

शकुंतलाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला काढला. "मंजुनाथनं लाकूड बघितलंच नव्हतं, गिरी. न बघता बोललं आणि ते तसं निघालं, त्याला खरं बोलणं म्हणत नाहीत."

"निकाल तोच की. आणि चार लाख तुझे गेले."

"गेले."

त्याला आणखी काहीतरी हवं होतं. त्यांनी चिडावं, पैसे मागावेत, अर्धा हिस्सा दे म्हणावं, म्हणजे त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यासाठी तो अख्खं शहर ओलांडून आला होता. शकुंतलाबाईंना ते दिसत होतं. घर अर्धं त्याचं होतं, मागायचा हक्क होता, कायद्यानं मागता आलं असतं. पण मागायला समोर कुणीतरी लागतं. कठड्यावर बसलेल्या त्या टक्कल पडलेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडं बघताना त्यांना तसं कुणी दिसेना.

"कॉफी घेणार?" त्यांनी विचारलं.

"दे स्वल्प."

त्यांनी कॉफी करून पडवीतच आणून दिली. आत चल म्हटलं नाही. गिरीधरनं ती उभ्याउभ्याच प्यायली, पेला कठड्यावर ठेवला, आणि म्हणाला, "सरी, बरं, येतो मग."

"ये," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि सुपातल्या तांदळाकडं वळल्या. कोपऱ्यावर तो ऑटोवाल्याशी भाड्यावरून वाद घालत होता, ते त्यांना बराच वेळ ऐकू येत राहिलं.